इंटेंडेड यूजचं एक वाक्य

रेग्युलेटरीत, म्हणजे वैद्यकीय उपकरणांना सरकारी परवाने मिळवण्याच्या कामात, नव्याने येताय, एलएलबी करून असो की बी.फार्म करून, तर कायद्याची चौकट माहीत असेलच. आरोग्यातल्या एआयसाठी भारतात वेगळा कायदा नाही. काम चालतं वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वर. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलं. जोखमीनुसार उपकरणांचे ए ते डी असे चार क्लास आहेत, डी सर्वांत जोखमीचा. ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सी-डीलाही लायसन्स सक्तीचं झालं. उत्पादनाचा अर्ज ए-बीसाठी फॉर्म एमडी-३, राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे). सी-डीसाठी फॉर्म एमडी-७, सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. हे दोन दिवसांत पाठ होतं.

अर्जाची फाइल अडते ती इंटेंडेड यूजच्या, म्हणजे उपकरण कशासाठी आहे हे सांगणाऱ्या, वाक्यावर. वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सगळं वजन निर्मात्याने उपकरण कशासाठी योजलं, यावर आहे. छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर घ्या. 'संशयित फिल्म रेडिओलॉजिस्टच्या यादीत वर आणतं' हे एक उपकरण आणि 'क्षयरोग ओळखतं' हे दुसरं. मॉडेल तेच, पण चूक झाली तर मोजावी लागणारी किंमत वेगळी. पहिल्यात सुटलेली फिल्मही डॉक्टरसमोर येते, फक्त उशिरा. दुसऱ्यात आजारी माणूस 'निगेटिव्ह' ऐकून घरी जातो आणि घरभर खोकतो. म्हणून जोखमीचं विश्लेषण बदलतं, क्लिनिकल पुरावा बदलतो, क्लासही बदलू शकतो.

वाक्यात पाच गोष्टी हव्यातच: रुग्ण कोण, प्रतिमा कोणती, वापरणार कोण, उत्तर कोणत्या रूपात येणार आणि ते कशासाठी वापरायचं नाही. 'रुग्ण कोण' हे लिहून भागत नाही. क्षयरोगाच्या तपासणीसाठी असं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली ती १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. तुम्हीही '१५ वर्षांवरील' लिहिलंत, पण डायकॉम हेडरमधला (एक्स-रेच्या डिजिटल फाइलसोबत येणाऱ्या रुग्णाच्या माहितीतला) वयाचा रकाना रिकामा आला तर? सॉफ्टवेअरने तिथे थांबून वय विचारलं पाहिजे. नाहीतर सहा वर्षांच्या मुलाच्या फिल्मवरही ते क्षयरोगाच्या शक्यतेचा आकडा छापेल.

स्क्रीनकडे तर कुणी बघतच नाही. डिव्हाइस मास्टर फाइलमध्ये (अर्जासोबतच्या उपकरणाच्या तांत्रिक कागदपत्रांत) 'सहाय्यक' आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत 'टीबी पॉझिटिव्ह ०.८७' असेल, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याची क्वेरी, म्हणजे लेखी शंका, येणारच. आली तर घाबरू नका; क्वेरी म्हणजे नकार नव्हे, मुद्देसूद उत्तर दिलं की फाइल पुढे सरकते. पण लायसन्सनंतर 'छोटा अपडेट' म्हणून फुप्फुसातली गाठ शोधणं जोडलंत, तर तो २०१७ च्या नियमांच्या सहाव्या अनुसूचीतला मोठा बदल आहे. पूर्वपरवानगीशिवाय तो बाजारात सोडणं म्हणजे नियमभंग.

कन्सल्टंटकडचं तयार टेम्प्लेट घेऊ नका. त्यातलं वाक्य दुसऱ्याच उपकरणाचं असतं आणि तपासणारा ते लगेच ओळखतो. त्यापेक्षा एक दिवस एक्स-रे टेक्निशियनशेजारी बसा. फिल्म तिरकी का येते, नाव कुठे चुकतं, घाईत कोणतं बटण दाबलं जातं, हे त्याच्याइतकं कोणताही वरिष्ठ वकील सांगू शकत नाही.

रुग्णांच्या डेटासाठी २०२३ चा डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) त्याच वर्षीची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचावीच लागतील. सल्ला देणारं चॅटबॉट असेल तर मार्च २०२० ची टेलिमेडिसिन (दूरवरून उपचार) तत्त्वंही: एआयला रुग्णाला सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची मुभा त्यांत नाही.

अर्ज करण्याआधी मॅन्युअल, लेबल, वेबसाइट, सेल्सचं पीपीटी आणि प्रत्येक स्क्रीन छापून घ्या. लाल पेनाने फक्त क्रियापदं खुणवा: ओळखतं, वगळतं, निदान करतं. ज्या क्रियापदाला फाइलमध्ये पुरावा नाही, ते खोडा.