प्लेटोचं ‘सिम्पोझियम’ गटात चर्चेला घेताना

प्रेमाविषयी प्राचीन ग्रीक काय म्हणत होते यावर बोलायला माणसं जमली, की वीस मिनिटांत गाडी ‘मला विचाराल तर प्रेम म्हणजे…’ या रुळावर जाते आणि ग्रीक बाजूलाच राहतात. उपाय साधा आहे. एकच पुस्तक घ्यावं, ते प्रत्येकाच्या हातात असावं, आणि बोलणाऱ्याने आपण कोणत्या ओळीबद्दल बोलतोय ते दाखवावं. या कामाला ‘सिम्पोझियम’सारखं दुसरं पुस्तक नाही. इ.स.पू. ४१६ मध्ये नाटककार ॲगॅथॉनला स्पर्धेत पहिला विजय मिळाला, त्यानंतरची त्याच्या घरची ही मेजवानी. पाहुणे एकामागून एक एरॉसवर (प्रेमाची ओढ, आणि त्याच नावाचा देव) बोलतात, आणि नंतरचा आधीच्याला खोडतो, दुरुस्त करतो किंवा टोमणा मारतो. वाद पुस्तकातच मांडलेला आहे, गटाने तो नीट ऐकायचा.

गट सहा ते आठ जणांचा ठेवावा. त्याहून मोठा झाला की दोघं-तिघं नुसतेच ऐकत बसतात. आठवड्याच्या अंतराने दोन-दोन तासांच्या तीन बैठका पुरतात. सगळं पुस्तक तीन-एक तासांत वाचून होतं, त्यामुळे पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाने ते एकदा सलग वाचलेलंच असावं. ‘आपापला भाग वाचून या’ अशी वाटणी करू नये, कारण मग कोण कोणाला उत्तर देतोय हे कोणालाच कळत नाही.

प्रत निवडताना समासातले क्रमांक पाहून घ्यावेत. प्लेटोचा संदर्भ पुस्तकाच्या पानावरून देत नाहीत. १५७८ साली स्टेफानस या मुद्रकाने छापलेल्या आवृत्तीचा पानक्रमांक आणि त्यापुढे ए ते ई यांपैकी एक अक्षर, अशी ती पद्धत आहे. ‘सिम्पोझियम’ १७२ ते २२३ या पानांत येतं. जॉवेटचा जुना इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो, पण त्याच्या बऱ्याच प्रतींत हे क्रमांक नसतात आणि मग अर्धा वेळ उतारा शोधण्यात जातो. नेहमास आणि वुड्रफ यांचा १९८९ चा अनुवाद चर्चेला उत्तम. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संकेतस्थळावर ग्रीक मूळ आणि अनुवाद क्रमांकांसह मिळतात. पुस्तक इंग्रजीत आणि बोलणं मराठीत असेल, तर एक नियम पाळावा: उतारा वाचला की कोणीतरी तो आधी मराठीत, आपल्या शब्दांत सांगायचा, आणि बाकीच्यांनी ‘हो, असंच म्हटलंय’ म्हटल्यावरच मत द्यायचं. निम्मे गैरसमज इथेच गळून पडतात. ‘एरॉस’ हा शब्द मात्र तसाच ठेवावा. ती ओढ आहे, इच्छा आहे. आईची माया किंवा मैत्री मनात धरून वाचलं तर पुढचा युक्तिवाद लागत नाही.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगून टाकावी. पाहुण्यांपैकी फीड्रस आणि पॉसेनियस ज्या नात्याची स्तुती करतात ते बहुतेक वेळा प्रौढ पुरुष आणि किशोरवयीन मुलगा यांच्यातलं आहे. अथेन्सच्या वरच्या थरात त्याला रीतिरिवाजाची चौकट होती. आज आपण ते मान्य करणार नाही, करूही नये. पण हा विषय टाळला तर गटात अवघडलेपण राहतं, आणि सगळा वेळ त्यालाच दिला तर प्लेटोचा प्रश्न हातातून निसटतो. पंधरा मिनिटं मोकळेपणाने बोलून पुढे जावं. पॉसेनियसच्या दोन ॲफ्रोडाइटी (प्रेमदेवतेची स्वर्गीय आणि सर्वसामान्य अशी दोन रूपं) आणि वैद्य एरिक्सिमॅकसचं शरीरातल्या समतोलावरचं भाषण यांना थोडक्यात आटोपलं तरी चालेल.

ॲरिस्टोफेनिसचं भाषण (१८९सी–१९३डी) मात्र मोठ्याने वाचावं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. माणसं मुळात गोल होती, चार हात, चार पाय, दोन तोंडं. झ्यूसने ती मधोमध कापली, अपोलोने कातडी ओढून बेंबीशी गाठ मारली. तेव्हापासून प्रत्येक जण आपला उरलेला अर्धा शोधतोय. ‘अर्धा जीव’ म्हणून समाजमाध्यमांवर जे फिरतं ते इथलंच, आणि बहुतेक वेळा खाली ‘प्लेटो’ असं नाव असतं. ही चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी: हे प्लेटोने एका विनोदी नाटककाराच्या तोंडी घातलेलं भाषण आहे, आणि पुढे त्याच पुस्तकात ते खोडलेलं आहे. शिवाय लोक कथेचा एक तपशील वगळतात. कापल्यावर हे अर्धे एकमेकांना मिठी मारून बसले, वेगळं होऊन काही करायला तयार होईनात, आणि उपाशी मरू लागले (१९१ए–बी). गटाला विचारावं, ही प्रेमाची स्तुती आहे की त्यातल्या धोक्याची सूचना?

दुसरी बैठक सगळ्यांत महत्त्वाची. तिचा पहिला तास फक्त १९९सी ते २०१सी या दोनेक पानांना द्यावा. ॲगॅथॉनने एरॉसला सर्वांत सुंदर आणि सर्वांत चांगला देव ठरवलेलं असतं. सॉक्रेटिस त्याला प्रश्न विचारतो. फळ्यावर पायऱ्या एकाखाली एक लिहाव्यात. प्रेम हे कशाचं तरी प्रेम असतं. ज्याचं प्रेम असतं त्याची इच्छा असते. इच्छा होते ती आपल्यापाशी नसलेल्या गोष्टीची. प्रेम सौंदर्याचं असतं. म्हणून प्रेमापाशी सौंदर्य नाही. जे चांगलं ते सुंदरच, तेव्हा चांगुलपणाही नाही. मग प्रत्येक पायरीवर थांबून विचारावं, ‘हे तुम्हाला पटतं का, आणि नसेल तर नेमकं का?’

तिसऱ्या पायरीवर कोणीतरी हमखास म्हणतं, ‘पण माझ्यापाशी जे आहे त्याच्यावरही मी प्रेम करतोच की.’ हा आक्षेप सॉक्रेटिसने आधीच हेरलाय. निरोगी माणूस आरोग्य हवं म्हणतो, तेव्हा ते पुढेही राहावं असं त्याला म्हणायचं असतं, आणि पुढचं आरोग्य आज त्याच्या हातात नाही (२००बी–डी). इथे घाई करू नये. हे उत्तर पुरेसं आहे का, यावरच अर्धा तास सहज रंगतो. खरी फट शेवटच्या पायऱ्यांत आहे. सौंदर्य नाही म्हणजे कुरूप असं होत नाही, आणि पुढच्याच पानावर डायोटिमा, सॉक्रेटिसच्या भाषणात येणारी त्याची गुरू, हे स्वतः सॉक्रेटिसला सुनावते (२०२ए–बी): ज्ञान आणि अज्ञान यांच्यामध्ये जशी जागा आहे, तशी इथेही आहे. गटाने फट स्वतः शोधल्याशिवाय हे पान उघडू नये.

दुसऱ्या तासात डायोटिमा. मँटिनियाच्या या स्त्रीने आपल्याला प्रेमाची विद्या शिकवली असं सॉक्रेटिस सांगतो. तीन ठिकाणी थांबावं. २०५ई ला ती म्हणते, प्रेम अर्ध्याचंही नसतं आणि पूर्णाचंही नसतं, ते चांगलं असल्याखेरीज. हात-पाय सडले तर माणूस स्वतःचेही कापून टाकायला तयार होतो. हा ॲरिस्टोफेनिसवर सरळ वार आहे. २०६बी ला प्रेमाचं काम येतं: सौंदर्याच्या सान्निध्यात जन्म देणं, शरीराने किंवा मनाने. आणि मग २१०ए–२११डी ची प्रसिद्ध शिडी: एक सुंदर शरीर, सगळी सुंदर शरीरं, मनं, आचार आणि कायदे, ज्ञान, आणि शेवटी सौंदर्य स्वतः. या शिडीवरून ‘प्लेटॉनिक प्रेम म्हणजे शरीराशिवायचं प्रेम’ असा निष्कर्ष काढला जातो. पहिली पायरी शरीराचीच आहे, हे बोट ठेवून दाखवावं. त्या शब्दप्रयोगाचं मूळ प्लेटोत शोधू नये. तो पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फिचिनो या तत्त्वज्ञापासून रूढ झाला.

तिसऱ्या बैठकीची सुरुवात प्लेटोचे विसाव्या शतकातले अभ्यासक ग्रेगरी व्लास्टॉस यांच्या आक्षेपाने करावी. शिडी चढणारा शेवटी प्रेम करतो ते गुणांवर, सौंदर्यावर. मग जिच्यापासून सुरुवात केली ती व्यक्ती कुठे गेली? तिच्या जागी तेवढीच सुंदर दुसरी कोणी आली तर काही बिघडणार नाही का? गटाचे दोन भाग करावेत, एकाने डायोटिमाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने व्लास्टॉसची, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलायच्या. बाजू न बदलता वाद चालला तर दोन्हीकडची माणसं हट्टाला पेटतात.

मग प्लेटोने स्वतः काय केलंय ते पाहावं. २१२सी ला सॉक्रेटिसचं भाषण संपतं, ॲरिस्टोफेनिस काहीतरी बोलायला तोंड उघडतो, कारण त्याच्या भाषणाचा उल्लेख झालेला असतो, आणि तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडतात. दारू चढलेला अल्सिबायडीस, अथेन्सचा देखणा राजकारणी, आत येतो. तो एरॉसवर बोलतच नाही, सॉक्रेटिसवर बोलतो: पोटिडियाच्या छावणीत रात्रभर एका जागी उभा राहिलेला, बर्फात अनवाणी चालणारा, आपल्याला झिडकारणारा हा एकच माणूस, याच्यासारखा दुसरा झाला नाही (२२१सी). कोणाही दुसऱ्याने भरून न निघणारं प्रेम इथे आहे, आणि तेच बोलणाऱ्याचे हाल करतंय. हे व्लास्टॉसच्या बाजूने जातं की डायोटिमाच्या, यावर एकमत होण्याची वाट पाहू नये. त्याऐवजी घरी करायला एक काम द्यावं: दारावरच्या थापा पडल्या नसत्या तर ॲरिस्टोफेनिस काय म्हणाला असता, ते पंधरा-वीस ओळींत लिहून आणायचं. पुस्तकात न आलेलं हे उत्तर लिहिताना दोन्ही भाषणं पुन्हा बारकाईने वाचावीच लागतात.

चौथी बैठक होणार असेल तर ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या आठव्या भागातली दुसरी-तिसरी प्रकरणं घ्यावीत. तिथे विषय एरॉस नाही, फिलिया (मैत्री, स्नेह) आहे, हे आधीच सांगावं, नाहीतर दोघांची सरमिसळ होते. ‘ग्रीकांची प्रेमाची इतकी नावं’ अशा तयार याद्या आणू नयेत. त्यांत चार वेगळ्या काळांची माणसं एका रांगेत बसवलेली असतात. चर्चेची सुरुवात ॲरिस्टॉटलच्या दारूच्या उदाहरणाने करावी: दारू आवडते म्हणून कोणी दारूचं भलं चिंतत नाही, चिंतलंच तर ती टिकावी, म्हणजे आपल्याला मिळावी, एवढंच. हा प्रश्न घेऊन डायोटिमाच्या शिडीकडे परत जावं, आणि तिच्यावर चढणारा माणूस कोणाचं भलं चिंततोय का, ते ओळींवर बोट ठेवून शोधावं.