बुलडॉगला आधी ताव, मग हात

पलूसजवळ मामांच्या वस्तीवर जुना लांझ बुलडॉग ट्रॅक्टर आहे. खंडेनवमीला तो चालू करायचा मान आजवर माझा. यंदा गुडघा साथ देत नाही, म्हणून मामेभावाच्या पोराला हे लिहून देतोय. "काका, व्हिडिओ पाठवा की," म्हणाला. व्हिडिओत ताव दिसत नाही बाबा. वाचून घे. दुसऱ्या कुणाच्या गोठ्यामागं असलं धूड उभं असेल तर त्यांनीही वाचावं.

पहिली गोष्ट, याला बॅटरी नाही, स्पार्क प्लग नाही. आडवा एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, 10.3 लिटरचा. पिस्टनचा व्यास 225 मिलिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला ओतीव लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो तापवायचा आणि त्याच्या धगीवर तेल पेटवायचं. या थोबाडावरूनच त्याचं नाव बुलडॉग पडलं.

मानहाइमच्या हाइनरिश लांझचा कारखाना 1859 पासूनचा, वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं करणारा. 1910 ला ब्रसेल्सच्या प्रदर्शनात त्यांनी हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन मांडलं होतं. पुढं 1921 साली फ्रिट्झ हुबर या इंजिनिअरनं पहिला बुलडॉग काढला, बारा अश्वशक्तीचा. मला वाटतं, बॉयलर पेटवून तासभर थांबायची सवय असलेल्यांनाच असलं इंजिन सुचावं. त्यांच्या लेखी गोळा तापायची दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. आपल्याला मात्र तेवढाही धीर निघत नाही.

तर, बत्तीला हात लावायच्या आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. रेडिएटरमध्ये पाणी. मग वंगणाच्या तेलाचा पंप. आपल्या डिझेल इंजिनासारखं चेंबरमधलं तेल इथं फिरत राहत नाही. बाजूच्या डब्यातून ताजं तेल थेंबाथेंबानं बेअरिंगला आणि पिस्टनला जातं. वर्षभर उभ्या मशीनच्या नळ्या कोरड्या असतात. पंपाचा छोटा दांडा हातानं फिरव. मी पन्नास-साठ फेरे मारतो आणि एका नळीचा नट सैल करून तेल आलेलं डोळ्यांनी बघतो. हे चुकवलंस तर पिस्टन धरेल, आणि तो पिस्टन दुकानात मिळत नाही.

आता बत्ती. रॉकेलचा ब्लो लॅम्प, म्हणजे सोनाराकडं असतो त्याचा थोरला भाऊ. रॉकेल मिळायची मारामार आहे, गॅसची टॉर्चही चालते; फक्त सिलिंडर नळी पुरेल तेवढा लांब ठेव. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत काजळी धरते, ताव देत नाही. गोळ्याच्या खालच्या अंगाला ज्योत लागेल अशी बत्ती बसव आणि तिथंच थांब. चहाला जायचं नाही. आपल्याकडं ऑक्टोबरात आठ-दहा मिनिटं लागतात, थंडीत जास्त.

ताव ओळखायचा रंगावरून. आधी गोळा राखाडी राहतो, मग काळसर निळा, मग उन्हात कळणारच नाही असा मंद लाल. म्हणून छत्री धरायची, नाहीतर टोपीनं सावली करायची. सावलीत पिकल्या करवंदाच्या आतल्या लालीसारखा दिसला की पुरे. नारिंगीकडं जाऊ द्यायचा नाही. कमी तावात नुसता पांढरा धूर येतो. जास्त तावात तेल वेळेआधी पेटतं आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं जड चाक, उलटं हाणतं. 1987 ला माझं मनगट गेलं ते यानंच. चार पाहुणे जमले होते, मला शायनिंग मारायची होती, गोळा नारिंगी झालेला. मिरजेत महिनाभर प्लास्टर.

स्टिअरिंग दांड्यासकट उपसून निघतं, तेच याचं हँडल. फ्लायव्हीलच्या मधोमध बसव. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेव, गुंडाळू नकोस. इंधनाच्या पंपाला हातानं दोन-तीन झटके दे. मग चाक गरगरा फिरवायचं नाही, झोपाळ्यासारखं झुलवायचं: एकीकडं दाब लागेपर्यंत, मग दुसरीकडं. दोन-तीन झोक्यांत तो स्वतःच उसळतो. उसळला की स्टिअरिंग लगेच बाहेर. पोरं इथंच जोर लावतात. ताव बरोबर असेल तर बारकं पोरगंसुद्धा चालू करेल, आणि नसेल तर चार पैलवान घामाघूम.

चालू झाला म्हणून लगेच गिअर टाकू नकोस. हे इंजिन उलटंही तितक्याच आनंदानं फिरतं! मामांनी एकदा पहिला टाकला आणि पुढच्या ट्रॉलीऐवजी मागची गोठ्याची भिंत घेतली. म्हैस बाहेर बांधली होती म्हणून वाचली. फ्लायव्हीलवर मी पांढऱ्या रंगानं बाण काढलाय, तो बघ. उलटा फिरत असेल तर बंद कर आणि पुन्हा झुलव. थ्रॉटल कमी करून, इंजिन मरता मरता तेल देऊन दिशा पालटणारे उस्ताद असतात. तू त्यात पडू नकोस.

मंद चालीवर पुढची चाकं जागेवर उड्या मारतात, ते दुखणं नव्हे. बिनओझ्याचा फार वेळ ठेवलास तर गोळा निवतो आणि तो मरतो. मध्ये बत्ती दाखव. मामांनी हा आधी पट्ट्यावर गुऱ्हाळाचा घाणा फिरवायला घेतला, मग त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या. लांझनं खास रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी केबिन, दिवे आणि हवेचे टायर असलेला, 55 अश्वशक्तीचा आयलबुलडॉगही काढला होता. आपला तसला नाही. ब्रेक बेताचे आहेत, भरली ट्रॉली लावून उतारावर नेऊ नकोस. जुन्या गाड्यांची ती व्हीए मालिकेची नोंदणी दुचाकी आणि मोटारींसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. वस्तीवरच फिरव.

सुट्या भागांचं थोडक्यात: लांझ 1956 ला जॉन डिअरच्या ताब्यात गेला, पण म्हणून जॉन डिअरचा सणसवाडीचा हिरवा ट्रॅक्टर विकणारा तुला याची रिंग देणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना घेऊन जा, ओतून, टर्निंग करून देतात. तांब्याचं जुनं गॅस्केट फेकू नकोस. याच बत्तीवर लाल कर आणि पाण्यात बुडव. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं आणि परत बसतं.

बंद करताना इंधन तोड आणि चाक पुरतं थांबेपर्यंत हात लांब. हळद-कुंकू फ्लायव्हीलला लावू नकोस, रेडिएटरला लाव. बाण झाकला जातो.