लिहायला विषय सुचेनात तेव्हा

पाककृतींवर लिहिताना विषय आटले, तेव्हा मी मंडईत भाजीवाल्या मावशींपाशी थांबून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायला लागले. जूनच्या तोंडावर पाटीत शेवळं ही पावसाळी रानभाजी होती. एकीनं विचारलं, "घसा खाजणार नाही ना?" मावशी म्हणाल्या, "काकडं घालून शिजव, काही होत नाही." (काकडं म्हणजे आंबट रानफळं.) झाला की लेख! शेवळं सोलायची कशी, आतला पिवळा भाग का काढायचा, काकडं नसतील तर चिंच चालेल का, सगळं त्या एका प्रश्नातून निघालं. मागोमाग टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्याही आल्याच. आता असे प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवते, तेच शब्द गूगलवर टाकून खाली येणाऱ्या सूचनाही बघते. व्हायरल पदार्थांमागे धावण्यापेक्षा हे मला फार मोलाचं वाटतं. श्रावणातल्या उपासांचे प्रश्न आत्तापासूनच गोळा करतेय.