अल्ट्रासाऊंडने गाठ जाळल्यावर ती परत किती वाढेल, याचं मॉडेल कसं बनवायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, इथे एक नाही तीन मॉडेल्स आहेत. ध्वनीची लाट मायक्रोसेकंदात पळते, उष्णता सेकंदात पसरते आणि गाठ वाढते आठवड्यांत, त्यामुळे तिन्ही एकाच लूपमध्ये कोंबली तर कंप्युटर रात्रभर चालूनही काही हाती लागत नाही. एकेक वेगळं चालवा, एकाचं आउटपुट पुढच्याला द्या. (हे सगळं हायफूसाठी, म्हणजे लाट एका जागी एकवटून गाठ तापवतात ती पद्धत. हिस्टोट्रिप्सीत बुडबुडे पेशी फोडतात, तिथे हे गणित चालत नाही.)

लाटेसाठी के-वेव्ह हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, मॅटलॅब आणि पायथन दोन्हीत चालतं. मऊ टिश्यूत ध्वनीचा वेग साधारण १५४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दीड मिलिमीटर, मग ग्रिडचा (टिश्यू ज्या जाळीत विभागतो तिचा) चौकोन अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हवा. अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे टिश्यूत लाट क्षीण होणं, दर सेंटीमीटरला अर्धा डेसिबल धरलं तर ८ सेंटीमीटर खोल जाईपर्यंत जेमतेम ४० टक्के तीव्रता उरते. उष्णता काढताना सूत्र आहे २ × अ‍ॅटेन्युएशन × तीव्रता, पण इथे अ‍ॅटेन्युएशन नेपर या दुसऱ्या एककात लागतं, डेसिबलच्या आकड्याला ८.६८६ ने भागा, नाहीतर टेंपरेचर भलतंच येतं.

ही उष्णता पेन्सच्या १९४८ च्या समीकरणात टाका, ते टिश्यूचं टेंपरेचर काढतं. त्यात रक्तप्रवाहाने होणारं कूलिंग आहे, पण ते सरासरी आहे, गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी असेल तर ती वेगळी दाखवावीच लागते कारण तिच्या कडेच्या पेशी थंड राहून वाचतात.

आता टेंपरेचरवरून मेलं काय आणि वाचलं काय ते ठरवायचं. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पेशी मरायला लागणारा वेळ निम्मा होतो, आणि ४३ अंशांना २४० मिनिटं एवढा डोस झाला की टिश्यू मेलं असं सहसा धरतात. ५७ अंशांचा एकच सेकंद म्हणजे ४३ ची २७३ मिनिटं, झालं काम! फोकस मात्र तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणून तो सरकवत सरकवत पूर्ण गाठ भरायची आणि प्रत्येक चौकोनात डोस बेरीज करत जायचा.

खरी गंमत पुढे आहे. १००० घन मिलिमीटरची गोल गाठ घ्या, त्रिज्या सुमारे ६.२ मिलिमीटर. कडेला सगळीकडून फक्त अर्धा मिलिमीटर सुटला तर किती उरतं? २२ टक्के! ग्रिडच्या एका चौकोनाएवढी किनार आणि पाचवा हिस्सा गाठ जिवंत.

उरलेली गाठ गोम्पर्ट्झ या गाठीच्या वाढीच्या मॉडेलला द्या, वाढीचा वेग = अ × आकारमान × नॅचरल लॉग (कमाल आकारमान ÷ आताचं आकारमान). समजा अ दिवसाला ०.१ आणि कमाल ३००० घन मिलिमीटर. १० टक्के उरली तर मूळ आकाराला यायला ११ दिवस, १ टक्का उरली तर साडेसोळा. म्हणजे उरलेली गाठ दहापट कमी करून मिळाले जेमतेम पाच दिवस, कारण लहान गाठ या मॉडेलमध्ये आकाराच्या मानाने जास्त झपाट्याने वाढते. म्हणून उपचाराची कड गाठीच्या थोडी बाहेर नेऊन रन कराच, नुसती पॉवर वाढवून बघू नका.

शेवटी रक्तप्रवाह आणि अ‍ॅटेन्युएशन २० टक्क्यांनी वर-खाली करून सगळं परत चालवा, ग्रिड निम्मा करूनही एकदा बघा, आणि ग्राफवर एक रेघ न काढता पूर्ण पट्टा दाखवा.