पृथ्वीचा कल शिकवताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की मुलं हमखास विचारतात, "सूर्य जवळ आला का?" घाईत 'हो' म्हणू नका. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. म्हणजे आपल्याकडे शेकोट्या पेटतात तेव्हा. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५ कोटी २० लाखांवर जातं. डिसेंबरात मेलबर्नला कसोटी चालते तेव्हा तिथे उन्हाळा असतो, एवढं आठवून दिलं तरी मुलांना शंका येते, आणि ती यायलाच हवी. खरं कारण म्हणजे साडेतेवीस अंश कललेला पृथ्वीचा आस, म्हणजे ती ज्या कल्पित रेषेभोवती स्वतःभोवती फिरते ती रेषा. त्यामुळे उन्हाळ्यात किरण जवळजवळ सरळ पडतात आणि दिवसही मोठा होतो. जूनमध्ये दिवस आणखी मोठा असूनही ऊन उतरतं, ते पावसाळी ढगांमुळे.

पृथ्वीगोल घेऊन दिव्याभोवती फिरताना तर मोठी चूक होते. शिकवणारा स्वतः वळतो आणि गोलाचं उत्तर टोक कायम दिव्याकडेच झुकलेलं राहतं. मग ऋतू बदलणार कसे? भिंतीवर ध्रुवताऱ्याची खूण करा आणि आस सतत तिकडेच रोखलेला ठेवा. चोपडा, यावल, रावेरच्या मुलांना खरा ध्रुवताराही दाखवा: उत्तरेला सातपुड्याच्या बाजूला, क्षितिजापासून साधारण २१ अंश वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तेवढी उंची होते. आपला अक्षांशही तेवढाच आहे, हे मुलांनाच ताडू द्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खानदेशात सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा अंगणात काठी रोवतात, बाराला बघतात, सावली दिसते आणि प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. प्रयोग फसलेला नसतो, घड्याळ वेगळं असतं. भारतीय वेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. जळगाव त्याच्या जवळजवळ सात अंश पश्चिमेला, आणि एक अंश पश्चिमेला सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. म्हणून जळगावला सावली १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास नाहीशी होते. धुळे-नंदुरबारला आणखी थोडी उशिरा. तरीही सावली राहिली तर काठी ओळंब्यात आहे का ते तपासा. जुलैत सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण बहुधा ढगांत लपलेला.

आणि जाता जाता, कलाबाहेरची एक चूक: आपला काळा पाषाण लाव्हाचा, म्हणून पायाखाली सगळीकडे लाव्हा उकळतोय, असं सांगू नका. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, बहुतांश घनच आहे. द्रवरूप बाह्य गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोल आहे.