सोनटक्का: नुसती पानं नकोत, फुलंही हवीत

कोकणात सोनटक्का मोरीच्या पाण्यावर किंवा पाटाच्या कडेला कुणी न विचारता माजतो. शहरातल्या बागेत मात्र पाच फूट उंच हिरवीगार पानं आणि फूल एकही नाही, असं सर्रास होतं. बहुतेक वेळा दोष सावलीचा असतो. आल्याच्या कुळातल्या या झाडाला ओलावा लागतो, पण दाट सावलीत ते नुसतं उंच होतं. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल, अशी पूर्वेकडची जागा निवडा. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात.

लावणी मेअखेर किंवा पहिला पाऊस पडल्यावर करा. दोन-तीन डोळे असलेला, बोटभर लांबीचा टणक गड्डा घ्या आणि काप सुकायला एक दिवस सावलीत ठेवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग पालापाचोळ्याचं खत मिसळा. गड्डा आडवा, डोळे वर करून ठेवा आणि त्यावर दीड-दोन इंचच माती घाला. जास्त खोल गेला तर कोंब यायच्या आत कुजतो. दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर ठेवा. कुंडी सोळा इंची घ्या; गड्डे आडवे पसरतात, त्यामुळे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची.

पाऊस थांबला की खरी परीक्षा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ, आणि नेमक्या त्याच वेळी माती सुकली तर कळ्या उमलण्याआधीच तपकिरी पडतात. बुंध्याशी तीन इंच पालापाचोळा पसरा. युरिया टाळा, तो पानंच वाढवतो.

एक दांडा एकदाच फुलतो. बहर संपला की तो जमिनीलगत कापा, म्हणजे नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळतो. हे काम बहुतेकजण विसरतात.

पान नळीसारखं गुंडाळलेलं दिसलं तर उलगडून पाहा. हळदीवर येणारी अळी आत असते, हातानेच काढा. मधला कोंब सुकून ओढताच हातात आला तर खोडकिडा समजा आणि तो दांडा तळापासून काढून नष्ट करा. दांडा बुडाशी मऊ पडून वास येत असेल तर गड्डा कुजतोय. कुजका भाग कापून उरलेला दुसऱ्या जागी लावा.

दर तीन वर्षांनी बेट उकरून गड्डे वेगळे करा, नाहीतर मधला भाग फुलेनासा होतो. जास्तीचे गड्डे वाटून टाका, ओढ्यात मात्र फेकू नका. हवाई आणि ब्राझीलमध्ये हाच सोनटक्का ओढ्याकाठचं उपद्रवी तण होऊन बसला आहे.

वेणीसाठी कळ्या दुपारी उशिरा, फुगलेल्या पण बंद असताना खुडा. संध्याकाळी त्या हातातच उमलतात.