कोर्टात फुटेज दाखवणार असाल तर

सेशन्स कोर्टात पहिल्यांदा सीसीटीव्ही फुटेज चालवायचं होतं तेव्हा दोन रात्री मी त्यावर घालवल्या. आरोपी, म्हणजे माझा अशील, गुन्ह्याच्या वेळी पेट्रोल पंपावर होता, एवढंच दाखवायचं होतं. पंपाच्या डीव्हीआरमधली (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली) फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडेना, म्हणून ती एमपी४मध्ये बदलली. चित्र काळपट होतं, ते उजळलं. आमच्या माणसाभोवती लाल वर्तुळ काढलं. क्लिप सुरू झाली आणि सरकारी वकील लगेच उठले, "साहेब, निशाणीवर आहे ती ही फाइल नव्हे." त्यांचं बरोबर होतं: निशाणी म्हणजे कोर्टाने क्रमांक देऊन नोंदवलेला पुरावा, आणि ती होती मूळ फाइल. न्यायाधीश साहेबांनी लॅपटॉप बंद करायला सांगितला. मागच्या बाकावर आरोपीची आई बसली होती. तिच्याकडे मला बघवेना.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेला अक्षर-आकड्यांचा कोड, जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइल नुसती बघितली तर तो बदलत नाही. पण फॉरमॅट बदला, दोन सेकंद कापा, उजेड वाढवून सेव्ह करा, ठसा पूर्ण वेगळा येतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तरी तेच, कारण तिथे तो दाबून लहान केला जातो. प्रमाणपत्र मूळ फाइलचं आणि पडद्यावर दुसरीच फाइल, असं माझं झालं होतं. चित्रात खोटं काहीच नव्हतं, पण ते सिद्ध करायला माझ्या हातात कागद नव्हता.

म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. डीव्हीआरसोबत येणारा प्लेअर त्याच पेन ड्राइव्हमध्ये मागून घ्या. रूपांतर करावंच लागलं तर ते वेगळी नोंद समजा: वेगळी हॅश, वेगळं प्रमाणपत्र, आणि ज्याने ते केलं त्याची साक्ष. बाण, वर्तुळं, नकाशे युक्तिवादाच्या वेळी दाखवा, तेही परवानगी घेऊन.

प्रमाणपत्राचे तयार नमुने ग्रुपवर फिरतात, ते उचलू नका. 1 जुलै 2024 पूर्वीपासून प्रलंबित असलेल्या खटल्यांना जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-ब लागतं. नव्या कायद्याच्या प्रमाणपत्रात पुरावा देणाऱ्याचा भाग 'अ' आणि तज्ज्ञाचा भाग 'ब', दोन्ही हवेत. "सर्टिफिकेट लावलंय ना, मग झालं" म्हणणाऱ्या सिनिअरपेक्षा कोर्टाचा कॉम्प्युटर सांभाळणारा कर्मचारी मला जास्त शिकवून गेला. आदल्या दिवशी त्याला भेटून केबल लावून बघा.

प्रमाणपत्र द्यायला कुणी नकार दिला तरी घाबरू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय की अशा वेळी ते हजर करण्याचा आदेश कोर्टाकडे मागता येतो. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा तिथला वाद होता आणि पुरावा होता व्हिडिओचा.

आणखी एक. साक्षीदार पडद्याकडे बोट दाखवून "हाच तो" म्हणतो, स्टेनोच्या कागदावर तेवढंच उतरतं. अपिलात ते वाचणाऱ्याला कोण दिसणार? क्लिप थांबवा आणि साहेबांना विनंती करून निशाणी क्रमांक, मिनिट-सेकंद, कपड्यांचा रंग, सगळं साक्षीत घ्यायला लावा.

पुढच्या तारखेला मी मूळ फाइल पंपाच्या प्लेअरवर लावली. चित्र अंधुकच होतं. पण पंपाच्या मॅनेजरने कोपऱ्यातली वेळ मोठ्याने वाचली आणि ती साक्षीत नोंदवली गेली.